पुण्याहून एका दिवसात समुद्र: मे महिन्यात कोणता किनारा निवडावा?

कोथरूडकर_सहाजण

नमस्कार. मे महिन्यातील एका शनिवारी पहाटे पुण्याहून निघून रात्री घरी परतता येईल अशी समुद्रकाठची सहल आखत आहे. मुक्काम करणे शक्य नाही, कारण रविवारी सकाळी नात्यात मुंज आहे. आम्ही सहा जण आहोत: मी, पत्नी, सहा आणि दहा वर्षांची दोन मुले, आणि माझे आईवडील. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला मऊ वाळूतून फार चालता येत नाही. वडील मात्र अजूनही महिन्यातून एकदा सिंहगड चढतात.

प्रत्येकाची अपेक्षा निराळी आहे. मुलांना पाण्यात मनसोक्त खेळायचे आहे. थोरल्याने शाळेच्या पुस्तकात कान्होजी आंग्रे वाचल्यापासून अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाण्याचा हट्ट धरला आहे. आईला सावली हवी आणि वडिलांना ताजे मासे. अलिबाग, काशीद आणि दिवेआगर ही तीन नावे आमच्यासमोर आहेत. दोन शनिवार मोकळे आहेत, एक वैशाख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा आणि दुसरा त्यापुढच्या आठवड्यातला. परतीच्या वाटेवर चांदणे मिळेल म्हणून पहिला घ्यावा, असे पत्नीचे मत आहे.

गेल्या वर्षी एका प्रसिद्ध किनाऱ्यावर आम्ही सकाळी अकरा वाजता पोहोचलो, वाळूवर पाय ठेवता येईना म्हणून दोन तास गाडीत बसून राहिलो, आणि दुपारी तसेच परत फिरलो. ती चूक पुन्हा करायची नाही. कृपया अनुभवाच्या आधारे सुचवावे.

ताम्हिणीमार्गे

तिन्हींपैकी दिवेआगर निवडावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन. सुमारे चार किलोमीटर लांबीचा सलग किनारा, गर्दी विखुरलेली, गावात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरोघरी मिळणारे उकडीचे मोदक, हे सारे अलिबागच्या बाजारी गजबजाटात सापडणार नाही. १९९७ साली येथील एका वाडीत जमिनीखाली सापडलेला सोन्याचा गणपती २०१२ मध्ये चोरीला गेला होता. २०२१ पासून त्याची पुन्हा स्थापना झालेली आहे, तेव्हा आईवडिलांना दर्शनही घडेल. पुण्याहून ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा रस्ता आहे आणि अंतर साधारण एकशे साठ किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर साडेआठपर्यंत पोहोचता.

हिशेबी_प्रवासी

वरील प्रतिसादातील दिवेआगरच्या वर्णनाशी मी पूर्णपणे सहमत आहे, फक्त ते वर्णन मुक्कामी जाणाऱ्याचे आहे. जाताना साडेचार तास आणि येताना साडेचार तास धरले तर नऊ तास गाडीत जातात, त्यातही घाटाची वळणे आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत पाय दुमडून बसणे हे वाळूत चालण्यापेक्षा अधिक त्रासाचे असते. एका दिवसाच्या सहलीत किनाऱ्यावर जेवढा वेळ मिळतो त्याच्या दीडपटीहून अधिक वेळ रस्त्यावर जाऊ नये, असा माझा साधा नियम आहे. त्या नियमाने दिवेआगर बाद होते, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर तर आधीच बाद होतात. अलिबाग पुण्याहून द्रुतगती मार्ग, खोपोली, पेण, वडखळ असे साधारण एकशे पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि वडखळला अडकला नाहीत तर साडेतीन तासांत होते. काशीद अलिबागच्या पुढे आणखी तीस किलोमीटर, रेवदंड्याची खाडी ओलांडून.

काशीदविषयी मात्र थोडे स्पष्ट लिहितो, कारण छायाचित्रे पाहून अनेक कुटुंबे तेथे जातात. पांढरी वाळू, निळसर पाणी आणि मागे डोंगर यांमुळे तो किनारा देखणा आहे यात वाद नाही. परंतु त्याचा उतार तीव्र आहे. अलिबागजवळच्या नागाव किंवा आक्षीला गुडघाभर पाण्यासाठी बरेच आत चालावे लागते. काशीदला थोडक्या पावलांत पाणी कमरेवर येते, लाट अगदी काठाजवळ येऊन फुटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. पोहता येणारी माणसेही तेथे बुडाली आहेत. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी तेथे फक्त सूर्यास्त पाहायला जाईन.

अष्टागरातला

माझे घर आणि वाडी नागावच्या पट्ट्यात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिण्याचे स्वातंत्र्य घेतो. आपण सर्वजण किनाऱ्याच्या नावावरून चर्चा करत आहात. आमच्याकडे मात्र पाहुण्यांचा फोन आला की आम्ही प्रथम तिथी विचारतो. तोच किनारा एका शनिवारी मुलांना पाळण्यासारखा असतो आणि दुसऱ्या शनिवारी त्याच वेळी त्यात उतरू नये असा असतो.

भरतीची वेळ काढण्याचे जुने गणित सोपे आहे. पंधरवड्यातील तिथीला पाऊणने गुणावे, येणारा आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत मोजणी एकपासून करावी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांहून थोडी अधिक वेळ गेली की ओहोटी. एखाद्या तासाचा फरक पडतो, तेव्हा निघण्यापूर्वी छापील किंवा मोबाइलवरील भरती-ओहोटीचा तक्ता अवश्य पाहावा, पण बेत आखण्यापुरते हे गणित पुरते.

आता आपले दोन शनिवार पाहू. पहिला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे वद्य प्रतिपदा. भरती दुपारी पाऊणच्या सुमारास आणि नंतर संध्याकाळी सातपर्यंत सलग ओहोटी. शिवाय ते दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी नुसते उतरत नाही, जोराने ओढत उतरते. उन्हाळ्यात माणसे पाण्यात उतरतात ती चार ते सहा या वेळेत. नेमकी तीच वेळ त्या दिवशी सर्वांत वाईट आहे. दुसरा शनिवार वद्य अष्टमीचा. बारा-साडेबाराला ओहोटी पूर्ण होऊन दुपारनंतर पाणी हळूहळू चढू लागते, आणि ते भांगाचे दिवस असल्याने चढ-उतार कमी व संथ असतो. चार ते सहा या वेळेत काठाकडे येणारे सौम्य पाणी मुलांसाठी याहून चांगले मिळणार नाही. चांदण्याचा मोह सोडावा, असे वहिनींना माझ्या वतीने सांगावे.

उन्हाविषयीही एक गोष्ट पुण्याच्या मंडळींच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि आमच्याकडे तेहतीस-चौतीस, त्यामुळे कोकण थंड वाटेल असा समज होतो. हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंगाची आग पुण्यापेक्षा अधिक होते. त्यातही मेच्या मध्याला सूर्य आमच्या बरोबर डोक्यावरून जातो. पुण्यात शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या आणि मुंबईत १५ मेच्या सुमारास येतो, अलिबाग त्या दोहोंच्या मध्ये. अशा दुपारी झाडाची सावली त्याच्या बुंध्यापाशीच गोळा झालेली असते. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली सुरूची झाडे फार मोठ्या प्रमाणावर पाडली. जुन्या छायाचित्रांत दिसणारी गर्द सुरूची बने आता तशी राहिलेली नाहीत आणि नवी लागवड मोठी व्हायला वेळ लागेल.

म्हणून किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाडीत दिवसभरासाठी खोली आणि जेवण आधीच सांगून ठेवावे. अकरा ते साडेतीन हा वेळ वाडीत काढायचा आणि समुद्रावर दोनदाच जायचे, सकाळी आल्याबरोबर आणि दुपारी उन्हे कलल्यावर. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, वाडीत शिंपण्याचे पाणी फिरलेले असते, तेथे आपल्या आईंना खाट टाकून निवांत पडता येईल. या दृष्टीने नागाव किंवा आक्षी निवडावे. वाळू घट्ट बसलेली, उतार मंद, आणि गाडीतून उतरल्यावर चालणे थोडे. पाण्यातील खेळांच्या वेगवान होड्यांची ये-जा असते त्या भागापासून मुलांना दूर ठेवावे, एवढे पथ्य पाळा. गाडी वाळूवर उतरवू नका. चाक रुतल्यावर भरती थांबत नाही, आणि दर हंगामात एखादी तरी गाडी आम्हाला दोरखंड लावून ओढावी लागते.

हिशेबी_प्रवासी

तिथीवरून भरतीची वेळ काढता येते हे मला ठाऊक नव्हते. परंतु मग प्रश्नकर्त्यांच्या मुलाच्या किल्ल्याचे काय? अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा-साडेबाराला असेल, तर चालत जाणे म्हणजे तापलेल्या खडकावरून जाणे झाले.

अष्टागरातला

अडचण खरीच आहे. मे महिन्यात कुलाबा किल्ल्यात चालत जाणे आणि संध्याकाळी समुद्रात सुखाने डुंबणे या दोन गोष्टी सहसा एका दिवशी जमत नाहीत. किल्ल्याकडे पायी जायचे तर उधाणाच्या दिवसांतली खोल ओहोटी लागते आणि डुंबायला भांगाची भरती. अष्टमीला ओहोटी उथळ असते, मधल्या वाटेवर पाणी राहते. अशा वेळी घोडागाडीने पाण्यातून जाता येते, मात्र त्या दिवशी ती चालू आहे का आणि परत केव्हा फिरायचे, हे किनाऱ्यावर गाडीवानांनाच विचारावे. पाणी चढू लागल्यावर किल्ल्यात रेंगाळू नये.

किल्ला पाहण्याजोगा आहे, हे मुलाला जरूर सांगा. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे मंदिर आहे, आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. कान्होजींची समाधी तर अलिबाग गावातच आहे, तेथे जायला ओहोटीची वाट पाहावी लागत नाही.

गेटवेवरून

आम्ही मुंबईकर, त्यामुळे आमचा रस्ता निराळा आहे, तरी हा धागा मुंबईचे लोकही वाचतील म्हणून लिहितो. गेटवेवरून मांडव्याला बोटीने साधारण तासाभरात पोहोचता येते आणि तेथून अलिबागपर्यंतची बस बहुधा तिकिटातच धरलेली असते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो सेवा आहे. पावसाळा जवळ आला की गेटवेच्या बोटी बंद होतात, तेव्हा मेच्या अखेरीस बेत असेल तर आधी चौकशी करावी. मांडव्याहून किहीम जवळ पडते. तेथील झाडी पक्षी पाहणाऱ्यांना आवडेल. सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांचा अभ्यास याच किहीममध्ये केला होता. मात्र पाण्यात काही ठिकाणी खडक आहेत, म्हणून खेळण्यासाठी मी वरसोली किंवा नागावच सुचवीन.

पश्चिम रेल्वेच्या बाजूला राहणाऱ्यांनी बोर्डीचा विचार करावा. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की मुलांना समुद्र दाखवायला चालत न्यावे लागते, आणि गाव चिकूच्या वाड्यांनी वेढलेले आहे. पुण्याहून एका दिवसात ते जमणारे नाही.

ताम्हिणीमार्गे

एका दिवसासाठी दिवेआगर सुचवण्याचा माझा आग्रह मी मागे घेतो. मोदकांच्या बाबतीत मात्र ठाम आहे. नागावमार्गे जाणार असाल तर वडिलांना आक्षीचा शिलालेख दाखवा. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ मधला तो लेख मराठीतील आद्य शिलालेखांमध्ये गणला जातो. आपल्या भाषेतील इतका जुना मजकूर समुद्राच्या वाटेवर भेटतो आणि पाहायला पाच मिनिटे पुरतात, पण शंभरातल्या नव्याण्णव गाड्या न थांबता पुढे जातात.

पाण्याविषयी एक भर घालतो. कितीही सौम्य समुद्र असला तरी एखाद्या पट्ट्यात पाणी आत ओढणारा प्रवाह असू शकतो. त्यात सापडल्यास काठाकडे तोंड करून झुंजू नये, दम लगेच संपतो. काठाला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. मुलांच्या बाबतीत उपाय एकच, त्यांच्यापेक्षा खोल पाण्यात एक मोठा माणूस सतत उभा असला पाहिजे आणि त्याचे तोंड मुलांकडे नव्हे तर समुद्राकडे असले पाहिजे, म्हणजे येणारी लाट त्याला आधी दिसते. काठावर बसून लक्ष ठेवणारा माणूस धावून येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कोथरूडकर_सहाजण

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. अष्टमीचा शनिवार घेऊन नागावला जाऊन आलो, म्हणून सविस्तर कळवतो.

पहाटे साडेचारला निघालो आणि वाटेत चहासाठी थांबूनही सव्वाआठला नागावला पोहोचलो. पाणी उतरत होते, म्हणून मुलांना घोट्यापर्यंतच्या पाण्यात आणि ओल्या वाळूतच ठेवले. आई गाडीपासून शंभर-सव्वाशे पावले चालून ओल्या वाळूवर आली आणि घट्ट वाळूमुळे काठीवाचून फिरली. दहाला तेथून निघून वाडी गाठली. सांगून ठेवलेले जेवण होते: वडिलांना सुरमई, आईला फणसाची भाजी, सर्वांना सोलकढी आणि आमरस. दिवसभरासाठी खोली घेणे हा खर्च मला आधी अनावश्यक वाटला होता. दुपारी एक वाजता अंगणात पाऊल टाकून पाहिले आणि तो विचार सोडून दिला.

वडील आणि थोरला सव्वाअकराला अलिबागला जाऊन घोडागाडीने किल्ल्यात गेले. एकच्या आत बाहेर पडले, दोघेही लाल होऊन परत आले, टोप्या असूनही. थोरल्याचे समाधान झाले असे म्हणवत नाही, कारण त्याला चालतच जायचे होते.

पावणेचार ते सहा मुले पाण्यात होती. मी त्यांच्या पलीकडे कमरेइतक्या पाण्यात समुद्राकडे तोंड करून दोन तास उभा राहिलो. त्या जागेवरून समुद्र इतका वेळ मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. तक्त्यात भरती पावणेसातची होती, म्हणजे पाऊणपटीचे गणित पाऊण तासानेच चुकले. परतीला मात्र वडखळला तासभर खोळंबलो आणि घरी पोहोचायला साडेअकरा झाले. सूर्यास्ताचा मोह टाळून साडेपाचलाच निघायला हवे होते, असे आता वाटते. आईने वाडीतून पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा आणल्या आहेत.

शेवटची एक विचारणा. थोरल्याला किल्ल्यात पायी न्यायचे असेल तर केव्हा यावे?

अष्टागरातला

दिवाळीत या. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, त्याचा दुसरा दिवस तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि त्याआधीची ओहोटी सकाळी आठच्या आसपास, तीही अमावास्येनंतरच्या उधाणाची, त्यामुळे पाणी पुरेसे मागे हटलेले असते. सातला किनाऱ्यावर उभे राहा, पाणी उतरताना त्याच्या मागोमाग जा, आणि साडेनऊच्या आत परत फिरा. पहाटे तीनला निघावे लागेल, किंवा भाऊबीज आटोपून रात्रीच आमच्याकडे या. मुलांच्या मामालाही आणा.